मलेरियाचा जंतू लाल पेशीत गपचूप बसत नाही, पेशीच बदलून टाकतो

पावसाळा आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. मलेरियाचा जंतू लाल पेशीत लपून हिमोग्लोबिन खातो, पेशी बाहेरून जशीच्या तशी राहते, त्यामुळे शरीराला कळत नाही, आणि रिपोर्टमधे जंतू कमी असतील तर घाबरायचं कारण नाही. बरीच वर्षं स्लाइड्स बघतेय म्हणून सांगते, हे पटण्यासारखं नाहीये.

"पेशी जशीच्या तशी राहते". फाल्सिपेरमचं, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात घातक प्रकारच्या जंतूचं, बघा. लाल पेशीत न्यूक्लियस नाही, प्रोटीन बनवायची-पोचवायची सोय नाही, त्यामुळे जंतूला सगळं सामान स्वतः बनवून बाहेर धाडावं लागतं, आणि तो स्वतः तर एका पडद्याच्या पिशवीत असतो. त्याच्या पुष्कळ प्रोटीनांवर पाच अमिनो आम्लांची एक खूण असते, पेक्सेल म्हणतात, २००४ साली सापडली. प्लाझ्मेप्सिन ५ हे एन्झाइम जंतूच्या आतच त्या खुणेवर काप मारतं, मग पिशवीच्या पडद्यात पीटेक्स नावाचं दार आहे तिथून प्रोटीनची घडी उलगडून, सुईत दोरा ओवावा तसं ते पलीकडे पेशीत ओढलं जातं. २०१४ मधे संशोधकांनी या दाराचे भाग निकामी करून पाहिले तर जंतूची वाढच खुंटली. नुसतं लपून खाणाऱ्याला एवढं दार कशाला लागेल?

"शरीराला कळत नाही" हे अर्धंच खरं. जंतू पेशीत धाडतो त्यातलंच एक प्रोटीन, पीएफईएमपी १, पेशीच्या बाहेर बारीक उंचवट्यांवर येऊन बसतं आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, कारण वाहत राहिली तर प्लीहा तिला गाळून काढेल. पण बाहेर आलं म्हणजे अँटीबॉडीला दिसणारच, म्हणून जंतूकडे त्याचे साधारण ६० जीन आहेत आणि तो एका वेळी एकच वापरतो, शरीर एक ओळखायला शिकेपर्यंत काही जंतूंनी दुसरा चालू केलेला असतो.

आता सगळ्यात घातक मुद्दा, "जंतू कमी म्हणजे आजार कमी". फाल्सिपेरमच्या स्मिअरमधे, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, मला बहुतेक वेळा कोवळे जंतूच दिसतात, ठिपक्याचा खडा बसवलेल्या नाजूक अंगठ्यांसारखे. लाल पेशीतल्या वाढीच्या ४८ तासांच्या चक्रातल्या उत्तरार्धातले मोठे जंतू बोटातून काढलेल्या थेंबात सहसा येतच नाहीत, ते मेंदूत, किडनीत, गरोदर बाईच्या वारेत चिकटलेले असतात. व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात बहुधा सगळ्या अवस्था स्लाइडवर सापडतात, तिथला हिशोब इथे लावू नका. फाल्सिपेरमचा पेशंट बरळत असेल किंवा गुंगीत असेल तर रिपोर्टवर एकच प्लस (म्हणजे जंतू कमी) आहे म्हणून सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटलात न्या.