'गिफ्ट' लिहिलं म्हणून कर माफ होत नाही: भुसावळच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग समजला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परदेशातून येणाऱ्या पार्सलवरच्या करांचा आधीचा लेख लोकांना विनाकारण घाबरवतो, 2018 मध्ये अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेल्या वस्तूंवर एक रुपयाही लागला नव्हता, पाच हजारांच्या आतली भेट करमुक्त असते, दर 35 टक्के असताना लेखातला '77 टक्के' हा एकूण कराचा आकडा फुगवलेला आहे, आणि शेवटी, "गिफ्ट लिहायचं, किंमत कमी टाकायची, झालं काम." यातला शेवटचा सल्ला वाचून कुणी तसं केलं तर त्याचं खरोखर नुकसान होईल, म्हणून उत्तर सविस्तर देतो आहे.

2018चा तुमचा अनुभव बरोबर आहे. तेव्हा भेटवस्तूंना सूट होतीच. परदेश व्यापार महासंचालनालयाने 12 डिसेंबर 2019 च्या अधिसूचनेने ती काढली. त्या दिवसापासून टपालाने किंवा कुरिअरने आलेली वस्तू 'भेट' म्हणून करमुक्त सोडवता येत नाही. अपवाद दोनच: जीवनरक्षक औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी. पाकिटात तिच्यासोबत घड्याळ किंवा चॉकलेटचा डबा असेल तर त्या वस्तू सवलतीत बसत नाहीत. भेट पाठवायला बंदी नाही, पूर्ण कर भरून ती घेता येते. आणि एकूण कर 100 रुपये किंवा त्याहून कमी निघत असेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25(6) नुसार तो वसूलच करत नाहीत. लहानसहान पाकिटं आजही बिनकराची हाती पडतात ती यामुळे. त्यावरून भेटवस्तूंची जुनी सूट अजून चालू आहे असा समज होतो.

आता 35 आणि 77. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. भाच्याने 8,400 रुपयांचे बूट पाठवले, वाहतूक 1,500, विमा 100, असं धरा. कर नुसत्या 8,400 वर बसत नाही, 10,000 वर बसतो. त्यावर 35 टक्के मूळ सीमाशुल्क 3,500. त्या 3,500 वर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 350. झाले 13,850. आता या 13,850 वर 28 टक्के आयजीएसटी (आयात वस्तूवर लागणारा जीएसटी), म्हणजे 3,878. तिन्हींची बेरीज 7,728 रुपये. दहा हजारांवर 77.28 टक्के ते असे. करावर कर चढतो, म्हणून नुसत्या दरांच्या बेरजेपेक्षा रक्कम मोठी निघते.

मात्र एक बाब तुमच्या बाजूची आहे आणि ती मूळ लेखात ठळक यायला हवी होती. 77.28 हा हिशेब जुन्या दरांचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापरासाठी आयात केलेल्या वस्तूंवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मूळ सीमाशुल्कही 35 वर राहिलेलं नाही. ते मधल्या काळात 20 वर आलं होतं आणि 2026 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 10 वर आणण्याची घोषणा झाली. मूळ दर 10 धरला आणि अधिभार तसाच ठेवला, तर वरच्याच बुटांवर 1,000 अधिक 100 अधिक 1,998, म्हणजे 3,098 रुपये होतात. म्हणून पावती हातात आली की आधी त्यावर लावलेला दर बघा, मग रक्कम.

पावतीवर तपासायची आणखी एक जागा म्हणजे वाहतूक खर्च. विमानाने आलेल्या वस्तूचा वाहतूक खर्च मूल्यात धरताना वस्तूच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त धरता येत नाही, असं मूल्यांकन नियम सांगतात. चार हजारांची वस्तू आणि कुरिअरचं बिल पाच हजार, असं पुष्कळदा होतं. तिथे मूल्यात 800 च मिळवायचे, पाच हजार नाही. ही चूक आढळली तर पैसे भरण्याआधीच लेखी हरकत घ्या. भरून झाल्यावर परतावा मागता येतो, त्याला एक वर्षाची मुदत आहे, पण तो रस्ता लांबचा. रुपयांत रूपांतरही बँकेच्या दराने होत नाही. सीमाशुल्क खातं पंधरवड्याला जाहीर करतं तो दर लागतो.

किंमत कमी लिहिण्याबद्दल. टपालाच्या पार्सलवर सीएन 22 किंवा सीएन 23 हे जे सीमाशुल्काचं घोषणापत्र चिकटवतात, त्यावरच अधिकाऱ्याचा पहिला निर्णय होतो. त्यावर 'गिफ्ट आयटम्स, 10 डॉलर' असं लिहिलं आणि आत नव्या डब्यातले नावाजलेल्या कंपनीचे बूट निघाले, तर अधिकारी ती किंमत बाजूला ठेवून स्वतः मूल्य ठरवतो. खोटी माहिती दिली म्हणून दंड होऊ शकतो, वस्तू जप्तही होऊ शकते. तेवढं झालं नाही तरी पार्सल अडतं आणि पत्त्यावर पत्र येतं: बिल द्या, पैसे भरल्याचा पुरावा द्या, ओळखपत्र द्या. मुदतीत उत्तर गेलं नाही की पार्सल परत. शिवाय वाटेत गहाळ झालं तर भरपाई मागताना तीच 10 डॉलरची किंमत आड येते.

त्यापेक्षा भाच्याला इंग्रजीत एकेक ओळ नीट लिहायला सांगा: पुरुषांचा सुती शर्ट, नग 2, 40 डॉलर, चॉकलेट, डबे 3, 24 डॉलर. खरेदीचं बिल आत ठेवावं आणि त्याचा फोटो तुम्हाला पाठवावा. घेणाऱ्याचं नाव आधारवर आहे तसंच हवं. आपल्याकडे सगळं गाव ज्यांना 'नाना' किंवा 'आबा' म्हणतं, त्यांच्या पार्सलवरही तेच नाव येतं आणि मग कुरिअरवाला केवायसीसाठी अडून बसतो. मोबाईल नंबर भारतातलाच द्यावा. पिनकोड तर हवाच, कारण पिंपळगाव आणि वडगाव आपल्याकडे तालुक्यागणिक आहेत.

टपालाने आलं तर कराची रक्कम पोस्टमन किंवा तुमचं पोस्ट ऑफिस घेतं. पावती मागून घ्या. नको असेल तर पार्सल नाकारता येतं, ते पाठवणाऱ्याकडे परत जातं. कुरिअर कंपनी बहुधा कर आधी स्वतः भरते, मग तुमच्याकडून घेते आणि वर स्वतःचं शुल्क लावते. ते शुल्क सरकारी नाही, म्हणून बिलात दोन्ही रकमा वेगळ्या दाखवायला सांगा.

औषधांचं वेगळं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागतेच. जीवनरक्षक औषधावर करमाफी हवी असेल तर विहित नमुन्यातला दाखला लागतो आणि तो जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात. त्यासाठी मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. औषध निघण्यापूर्वीच दाखला काढून ठेवा.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या शेतकरी वाचकांसाठी मुद्दाम सांगतो: परदेशातून बियाणं किंवा रोप पाकिटात मागवू नका. वनस्पती विलगीकरणाच्या 2003 च्या आदेशानुसार त्याला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. कर भरायची तयारी असली तरी त्याशिवाय ते सुटत नाही. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. फवारणीसाठी हवा असेल तर इथेच बनलेला घ्या.

तुमच्या प्रतिक्रियेखाली धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय, "लंडनहून गिफ्ट आलंय, विमानतळावर अडकलंय, 35,000 भरा" असा फोन आला, काय करू? ताई, एक रुपयाही भरू नका. सीमाशुल्क खातं फोनवरून कुणाच्या खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर पडताळता येतो. फोन करणाऱ्याकडे पार्सलचा तेरा अक्षर-अंकी ट्रॅकिंग क्रमांक मागा आणि तो भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. पैसे गेले असतील तर आत्ताच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड.

आणि भाऊ, भाचा दिवाळीला पुन्हा पाठवणार आहे असं तुम्ही लिहिलंय. अत्तराची बाटली आणि सुटी पॉवर बँक त्यातून काढायला सांगा. पहिलं ज्वलनशील, दुसऱ्यात लिथियमची बॅटरी. विमान टपालात दोन्ही चालत नाहीत आणि त्यांच्यापायी शर्टही अडकतील.