उघड्या बॉनेटभोवतीची सभा

पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीत रविवारी सकाळी गाडी धुणाऱ्या माणसाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच माणसाने त्याच गाडीचे बॉनेट उघडले, की मात्र काही मिनिटांत तिथे चार माणसे हात मागे बांधून उभी राहतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी, कुठल्या ना कुठल्या घाटात, कोणाची तरी बंद पडलेली गाडी चालू करून दिलेली असते. मी दर महिन्याला एका रविवारी हे बॉनेट उघडतो. त्यात हौसेचा भाग फारसा नाही. सर्व्हिसिंग वर्षातून एकदा होते, आणि मधल्या काळात तेल-पाण्याकडे लक्ष ठेवणे हे मालकाचे काम आहे, असे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेले असते. ही पुस्तिका टोलच्या पावत्या, मुदत संपलेली पीयूसी प्रमाणपत्रे आणि बडीशेपेच्या पुड्या यांच्याखाली सुखरूप असल्यामुळे सहसा कोणाच्या वाचनात येत नाही, हा भाग वेगळा.

वास्तविक काम पाव तासाचे आहे. त्यातही हाताने करण्यासारखे फार थोडे असते. बाकी सगळे थांबणे, पाहणे आणि हात आवरणे. आणि नेमके हेच आपल्या लोकांना पाहवत नाही. पाना घेऊन काहीतरी खोलत बसलेल्या माणसाला जाणकार समजले जाते. नुसता थांबलेला माणूस म्हणजे त्याला काही येत नाही, अशी सर्वांची खात्री असते.

माझा पहिला प्रश्न जागेचा असतो. इंजिन ऑइलची पातळी पाहायची तर गाडी सपाट जमिनीवर उभी हवी, कारण तिरप्या गाडीत तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका बाजूला जमते आणि डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, खोटी साक्ष देते. बऱ्याच लहान गाड्यांत त्या पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेतले अंतर म्हणजे साधारण लिटरभर तेल. तेव्हा उतारावर घेतलेला अंदाज किती चुकू शकतो, हे वेगळे सांगायला नको. माझी पार्किंगची जागा पावसाचे पाणी गटाराकडे जावे म्हणून बिल्डरने मुद्दाम उताराची ठेवलेली आहे. सबंध आवारात खरोखर सपाट अशी जागा एकच, ती सोसायटीच्या ऑफिससमोर, आणि ती पाहुण्यांसाठी राखीव आहे.

‘‘कोण पाहुणे आलेत?’’ सेक्रेटरींनी विचारले.

‘‘पाहुणे नाहीत. तेल बघायचंय.’’

‘‘तेल तुमच्या जागेवर दिसत नाही का?’’

मी उताराचा मुद्दा मांडला. सोसायटीच्या आवारात उतार आहे हे सेक्रेटरींना तत्त्वतः मान्य नव्हते. शेवटी तिथे खेळणाऱ्या एका मुलाकडून गोटी घेऊन मी ती माझ्या चाकाजवळ ठेवली, आणि ती निमूटपणे गटाराच्या जाळीपर्यंत जाऊन आत पडली. मुलाला नवी गोटी देण्याचे मी कबूल केले आणि सेक्रेटरींनी पुढच्या वेळी लेखी अर्ज देण्याच्या अटीवर अर्धा तास मंजूर केला.

गाडी तिथे नेऊन इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात घातली आणि बॉनेट उघडून दांड्यावर टेकवले. मग मी थांबलो. इंजिन चालू असताना तेल वर सगळीकडे फिरत असते. ते गळून पुन्हा खाली चेंबरमध्ये उतरायला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि त्याआधी पट्टी काढली तर पातळी कमी दिसते. नेमके किती थांबायचे, ते पुस्तिकेत असते. ही मिनिटे फार कठीण. बँकेतून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका आले, त्यांनी इंजिनाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि सहानुभूतीने विचारले, ‘‘सुरू होत नाही का?’’

‘‘होते की. मीच बंद केलीये.’’

‘‘मग अडलंय कशात?’’

तोवर शेजारच्या इमारतीतले दोघे आले. तळमजल्यावरचे अण्णाही आले. अण्णांचे सगळे आयुष्य एस.टी.च्या कार्यशाळेत गेले. ते काहीच बोलत नाहीत. माझ्या हातातल्या जुन्या टर्किशच्या तुकड्याकडे पाहून त्यांनी फक्त मान हलवली, घरात गेले आणि धुऊन विरलेल्या सुती धोतराचा तुकडा आणून माझ्या हातात ठेवला. टर्किशचे धागे सुटतात; पट्टीला चिकटलेला एखादा धागा तिच्याबरोबर आत जायचा. हे मला पुस्तिकेने सांगितले नव्हते.

पिवळ्या कडीत बोट अडकवून पट्टी ओढली. पहिल्या खेपेला तिच्यावर तेल कुठवर आहे ते पाहायचे नसते, कारण नळीच्या भिंतींना लागलेले तेल तिला वरपर्यंत माखते. ती पुसायची, पुन्हा पूर्ण खाली जाईपर्यंत बसवायची, बाहेर काढायची आणि मग वाचायची. पण मी पहिल्यांदा पुसली तेव्हाच सभेत कुजबुज झाली की, होते नव्हते तेवढे तेल याने पुसून टाकले. दुसऱ्या खेपेला तेलाची ओली कडा दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली स्वच्छ दिसली. यात आता करण्यासारखे काही उरले नव्हते, आणि काकांना ते मुळीच पटले नाही.

‘‘काळं पडलंय. बदलून टाका.’’

तेल काळे पडणे हा त्याच्या इमानदारीचा पुरावा आहे, हे सांगताना माझी दमछाक झाली. त्यात मळ धरून ठेवणारी रसायने मुद्दाम मिसळलेली असतात; काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी तेलात तरंगत राहावी म्हणून. डिझेलच्या गाडीत तर तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते शाईसारखे होते. तेल कधी बदलायचे ते किलोमीटर आणि महिने ठरवतात. घाबरायचे ते तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचे दिसले तर, कारण मग कुठून तरी त्यात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, शिरत असण्याची शक्यता असते. पेट्रोलचा उग्र वास आला तरी गाडी मेकॅनिककडे न्यावी. यांपैकी काहीही नव्हते.

‘‘बरं, मग अर्धा लिटर वरून टाकून तरी ठेवा. जास्त असलेलं काय वाईट?’’

हा युक्तिवाद वरणावरच्या तुपाला लागू पडतो, इंजिनाला नाही. पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, त्या तेलाला घुसळू लागतो, फेस होतो, आणि हवेने भरलेला फेस बेअरिंगला वंगण पुरवू शकत नाही. त्यात शेजारच्या इमारतीतल्या एकाने माझ्या तेलाच्या कॅनवरचा 0डब्ल्यू-20 हा तेलाच्या पातळपणाचा आकडा वाचला, उरलेले तेल हलवून पाहिले आणि हे तेल आहे की पाणी, असे विचारून त्याहून बऱ्याच घट्ट 20डब्ल्यू-50 ची शिफारस केली. एवढे पातळ तेल थंड मुलखासाठी, पुण्यात कुठे बर्फ पडतो, असेही ते म्हणाले. मुद्दा बर्फाचा नाही. सकाळी थंड इंजिन सुरू होताना तेल झटकन सगळीकडे पोहोचावे लागते, आणि नव्या इंजिनांतल्या अरुंद वाटा ज्या तेलासाठी आखलेल्या आहेत तेच त्यांना लागते. मी एवढे बोललो. अण्णांनी कॅन त्यांच्या हातातून काढून घेऊन खाली ठेवला. त्याचा परिणाम जास्त झाला.

मग कूलंटकडे वळलो, आणि सभेचा उत्साह अनावर झाला, कारण रेडिएटर हा प्रत्येकाचा जिव्हाळ्याचा विषय आहे. मे महिन्यात खंबाटकी घाटात कडेला उभी असलेली, बॉनेट उघडून वाफा सोडणारी गाडी कोणी पाहिलेली नाही? आणि तिच्या झाकणावर ओले फडके टाकून ते फिरवणारा शूर इसमही सर्वांनी पाहिलेला असतो. कुकरचे झाकण वाफ जिरल्याशिवाय उघडू नये, हे आपल्याकडे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ते उघडणाऱ्याला घरात काय ऐकून घ्यावे लागेल याचीही त्याला कल्पना असते. मात्र तेच लोक रेडिएटरसमोर आले की ‘‘एक आटा फिरवून बघा’’ म्हणतात. आतले द्रव दाबाखाली असते म्हणूनच शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही; झाकण सैल केले की दाब जातो आणि ते सगळे एकदम उकळून, वाफेसकट, उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. ओल्या फडक्याने यात काहीही फरक पडत नाही. इंजिन तापलेले असताना झाकणाला हात लावायचा नाही, विषय संपला.

आणि मुळात उघडायची गरजच नसते. शेजारी अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी असते, तिच्या अंगावर दोन रेषा असतात, आणि गाडी थंड असताना त्या दोहोंच्या मध्ये द्रव दिसले की झाले. माझे दिसत होते.

‘‘उघडल्याशिवाय कसं कळणार?’’ काका म्हणाले.

‘‘बाहेरून दिसतंय, काका.’’

‘‘बाहेरून काय, काहीही दिसतं.’’

कमी असतेच, तर पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच ओतावे लागले असते. पातळ करायचे तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने, नळाच्या नव्हे. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. ‘‘आमच्याकडे फिल्टर आहे,’’ असा प्रस्ताव आला, तो मी आभार मानून नाकारला. इथे एक गोष्ट मात्र मी कटाक्षाने पाळतो. कूलंटचा थेंब जरी फरशीवर पडला तरी तो लगेच पुसून, जागा भरपूर पाण्याने धुऊन टाकतो. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, आणि आमच्या पार्किंगमध्ये मांजरांची तीन पिढ्यांची वस्ती आहे.

एवढ्यात रेडिएटरमागचा पंखा दाखवायला एका उत्साही गृहस्थाने बोट पुढे केले. इंजिन बंद असले तरी विजेवरचा पंखा काही गाड्यांत आपण होऊन सुरू होतो. मी त्यांचा हात धरला तेव्हा त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळी बॅटरीच्या दिशेने लोंबत होती. बॅटरी बारा व्होल्टची, तिचा झटका बसत नाही, हे खरे. पण साखळी किंवा अंगठी दोन टर्मिनलांच्या मध्ये सापडली तर क्षणात लालबुंद होते. सोन्याच्या भावाचा उल्लेख केल्यावर गृहस्थ दोन पावले मागे सरले. सुरक्षिततेच्या नियमांचा एवढा तत्काळ परिणाम मी क्वचितच पाहिला आहे.

ब्रेक फ्लुइड म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे द्रव; त्याची छोटी टाकी मागच्या कोपऱ्यात असते. तिचेही झाकण मी उघडत नाही, कारण हे द्रव हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट 4 प्रतीचे कोरडे ब्रेक फ्लुइड किमान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे मानक आहे. पाणी शोषल्यावर हाच आकडा 155 वर येतो. कऱ्हाडहून चिपळूणकडे कुंभार्ली घाट उतरताना जो माणूस गाडी खालच्या गिअरमध्ये न घालता सतत ब्रेकवर पाय ठेवून येतो, त्याला या दोन आकड्यांतला फरक कळू शकतो: द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणून बऱ्याच गाड्यांत ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते.

माझ्या टाकीतली पातळी मागच्या महिन्यापेक्षा किंचित खाली होती. सभेला अखेर हवे ते मिळाले. ‘‘भरा, भरा,’’ असा एकच गलका झाला, आणि शिल्लक इंजिन ऑइलच ओतावे, तेलाला तेल, असा व्यवहारी सल्लाही आला. ब्रेकच्या टाकीत गेलेले इंजिन ऑइल रबरी सील फुगवते आणि सगळी ब्रेक यंत्रणा उघडून साफ करावी लागते, हे ऐकून सल्लागाराने ‘‘आमच्या वेळी चालायचं’’ एवढेच म्हटले. प्रश्न निराळा होता. ब्रेक पॅड झिजले की त्यांना चाकाच्या तबकडीवर दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि त्यामागची जागा भरायला टाकीतले द्रव उतरते. अशा वेळी वरून भरणे म्हणजे पॅड झिजल्याची सूचनाच झाकणे. फ्लुइड गळत असेल तर ते चाकाशी दिसते. मी चारही चाकांशी वाकून पाहिले, कोरडे होते. वहीत लिहिले: ‘पॅड तपासून घेणे.’

‘‘एवढं सगळं बघून नुसतं लिहिलंत?’’ काकांनी विचारले.

त्यांचे समाधान व्हावे म्हणून मी निळ्या झाकणाच्या टाकीत काच धुण्याचे पाणी ओतले. त्या एकाच झाकणाला मी तासाभरात हात लावला होता. मग दांडा काढून जागेवर बसवला आणि बॉनेट वीतभर उंचीवरून सोडले. वरून दाबले तर पत्र्याला पोचा पडतो.

तेवढ्यात फाटकातून काकांचे जावई गाडी घेऊन आत आले, थेट मुंबईहून, एक्स्प्रेसवेचा घाट चढून. जागा पाहुण्यांची असल्यामुळे मी माझी गाडी उतारावर नेली. ती लावून वळतो तो जावयांनी सपाट जागेवर गाडी उभी केलेली, आणि काका त्यांना बॉनेटची कळ ओढायला सांगत असलेले.

‘‘पाणी बघून घेऊ. झाकण मी उघडतो.’’

अण्णांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि वजन टाकले. त्या सकाळी ते पहिल्यांदाच तोंडाने बोलले.

‘‘जावईबापू, तुम्ही वर जाऊन पोहे खा. तासभर याला कोणी हात लावायचा नाही.’’

‘‘तासभर?’’ काका म्हणाले. ‘‘तासभर इथे उभं राहून करायचं काय?’’

सेक्रेटरी ऑफिसच्या दारात वही घेऊन उभे होते. ‘‘उभे राहा खुशाल,’’ ते म्हणाले, ‘‘पाहुण्यांच्या गाडीला अर्ज लागत नाही.’’