गाभाऱ्यापर्यंतचे अंतर : या तीन महिन्यांतले माझे वाचन

आषाढी जवळ आली की माझ्या टेबलावर दोन ढीग साचतात, एक वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा आणि दुसरा पुस्तकांचा. यंदा दोन्ही ढीग एकमेकांशेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट सतत खटकत राहिली, म्हणून हे लिहितो आहे. देवाच्या जवळ कोणी जायचे, या प्रश्नावर आपल्या समाजाने सातशे वर्षे वाद घातला. पण आजच्या वारीच्या बातम्यांतून तोच प्रश्न जवळजवळ पुसला गेला आहे. गर्दी किती लाखांची, दर्शनरांग किती किलोमीटरची, शासकीय महापूजा कोणाच्या हस्ते आणि मानाचे वारकरी दांपत्य कोणत्या गावचे, एवढ्यावर बातमी थांबते.

जपून ठेवलेले एक कात्रण २०२४ च्या मे अखेरचे आहे. पंढरपूरच्या मंदिरात संवर्धनाचे काम चालू होते, पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद होते, नंतरच्या काळातली मढवणी उतरवून मूळ दगड मोकळा केला जात होता, आणि त्या कामात फरशीखाली एक तळघर सापडून त्यातून जुन्या मूर्ती बाहेर आल्या. चार दिवस मूर्तींची उंची आणि शतक यांची चर्चा झाली आणि विषय मागे पडला. त्या बातमीमुळे मी रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ पुन्हा काढले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात ढेरे विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधतात आणि गुराख्यांच्या या देवाचे वैष्णवीकरण कसे होत गेले ते स्थळकथा, शिलालेख आणि लोकगीते यांच्या आधारे पायरीपायरीने दाखवतात. त्यांचे प्रत्येक अनुमान मान्य केलेच पाहिजे असे नाही. परंतु ज्यांच्या कुळाचाराशी या देवाचे मूळ जोडले जाते, त्यांच्यासारख्या कष्टकरी जातींना पुढे पूजेच्या अधिकारात स्थान का उरले नाही, हा प्रश्न ते पुस्तक वाचल्यावर टाळता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी १९४७ च्या मे महिन्यात रेंगाळलो. साने गुरुजींनी आधीचे काही महिने महाराष्ट्रभर हिंडून, हरिजनांना मंदिर खुले करा अशी विनवणी केली होती आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले, ते १० मे रोजी सुटले. स्वातंत्र्याला तीन महिने उरले होते, देश फाळणीच्या वणव्यात होता, आणि एक शिक्षक चोखोबाच्या जातभाईंना विठोबाच्या पायांवर डोके ठेवता यावे म्हणून अन्न सोडून बसला होता. मंदिर खुले होण्याआधी काही सनातन्यांनी मूर्तीतले देवत्व मंत्रोच्चाराने पाण्याच्या घागरीत काढून घेतले, ही हकिकत मी पूर्वीही वाचली होती. या वेळी मात्र ती वाचून पुस्तक मिटावे लागले. ज्या देवाला संतांनी माउली म्हटले, तो एका घागरीत कोंडता येतो असे मानणारी माणसेही त्याच देवाची भक्त म्हणवत होती.

इरावती कर्वे यांचा वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख मी दरवर्षी वाचतो. ज्या देशाचे लोक पंढरीला येतात तो महाराष्ट्र, हा त्यातला विचार भाषणांतून वारंवार ऐकू येतो, पण त्याच लेखातली स्वयंपाकाची गोष्ट कोणी सांगत नाही. एकाच दिंडीत, एकाच अभंगाच्या तालावर दिवसभर चालणारे ब्राह्मण आणि मराठे मुक्कामावर वेगवेगळ्या चुली मांडत होते आणि बाईंना ते बोचत होते. वारीवर इतके प्रेम करणाऱ्या लेखिकेने हे दुखणे झाकले नाही, म्हणूनच त्या प्रेमावर माझा विश्वास बसतो.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून ‘लीळाचरित्र’ हा महानुभाव पंथाचा जुना मराठी गद्यग्रंथ थोडा थोडा वाचतो आहे. गती मंद आहे, कारण तेराव्या शतकातली भाषा घाईने वाचता येत नाही. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणारी त्यांची शिष्या महदाइसा त्यात भेटते आणि एक स्त्री आपली शंका फिटेपर्यंत हटत नाही, हे पाहून मन भरून येते. दर्जाबद्दलच्या बातम्यांत अनुदानाविषयी पुष्कळ लिहून आले, महदाइसेविषयी मला काही आढळले नाही.

हेही नोंदवले पाहिजे की पुढची पावले पडली आहेत. १९७३ च्या कायद्याने पंढरपूरच्या मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, त्यावरचा वाद २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि त्यानंतर मंदिर समितीने पूजेच्या कामासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. या निर्णयाला दहा वर्षे उलटून गेली. प्रत्यक्ष गाभाऱ्यात आज काय बदलले आहे, याचा सविस्तर वृत्तान्त एखाद्या वार्ताहराने आषाढीच्या पुरवणीत लिहावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

मागच्या कार्तिकीला आईला घेऊन गेलो होतो. तिला पायांवर डोके ठेवायला जेमतेम दोन क्षण मिळाले. बाहेर आल्यावर महाद्वारापाशी, नामदेव पायरीसमोर, चोखोबांच्या समाधीजवळ ती टेकली. तेवढ्यात नऊवारीतली एक म्हातारी आली, चार पावले अलीकडेच वहाणा काढून तिने आपल्या गळ्यातली तुळशीची माळ समाधीवर ठेवली आणि दगडावर सांडलेला बुक्का पदराच्या टोकाने पुसून काढला. तिला कोणी पुढे सरका म्हटले नाही. ती बराच वेळ तिथेच, दगडाला हात लावून बसून होती.