तळ्यात हंस नकोत, काठ उताराचा हवा

आपल्या संभाजीनगरात कुठल्याही तळ्याच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की तीच यादी पुढे येते. दगडी कठडा, जॉगिंग ट्रॅक, रंगीत कारंजं, बोटिंग. आता आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तीत भर पडलीय: चार पांढरे हंस आणून सोडा, लेकरांना बघायला होतील. माझा याला ठाम विरोध आहे. का, ते सविस्तर लिहिते.

हंस हा थंड मुलखातला पक्षी. मोकळ्या तळ्यांवर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या हंसाचं घर युरोपात आणि मध्य आशियात. नर दहा-बारा किलोचा भरतो आणि विणीच्या दिवसांत आपल्या पाण्यात इतरांना फिरकू देत नाही. आपल्याकडचं हळदी-कुंकू बदक जेमतेम सव्वा-दीड किलोचं. त्यात मे महिन्यात आपला पारा चाळिशी ओलांडतो, तळी आटून कोमट होतात. अशा पाण्यात हंस सोडला तर त्याचेही हाल आणि इथल्या पाखरांचेही. बाजारातून आणून सोडलेल्या पांढऱ्या बदकांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. ती मॅलार्ड या रानबदकापासून माणसानं तयार केलेली पाळीव जात. नीट उडता येत नाही, म्हणून रात्री कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. सोडून देणाऱ्याला पुण्य वाटतं, पण ते पाखरू मरायला सोडलेलं असतं.

मुळात आणून सोडायची गरजच काय? दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर बघा. जुनं नाव खिजरी तालाब. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचं नाव उगाच दिलेलं नाही त्याला. शहराच्या ऐन मध्यात, समोर हिमायत बाग. आणि पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर. जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ सालचं आणि दहा वर्षांत, १९८६ मध्ये, तो जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तिथं तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक येतात. पट्टकदंब येतात, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी. तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात ते. उडताना सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवतं. पाणी ओसरलं की नाथसागराच्या गाळपेर जमिनीत हरभरा-गहू उगवतो, त्याच्या आसपास हे थवे चरतात. आपल्या लेकरांना हे दाखवायचं सोडून विकतचे हंस दाखवायचे?

आता काठाचं. माझा खरा आग्रह इथंच आहे.

बहुतेक बदकं खोल पाण्यात बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली, अशी उलटी होऊन मान पोचेल तेवढ्याच पाण्यातलं खातात. वीतभर-हातभर खोलीचं पाणी, गाळ, त्यातल्या अळ्या, गोगलगायी, पाणवनस्पतींचं बी. हा पट्टा काठालाच असतो. तुम्ही काठ खोदून सरळ दगडी भिंत बांधली की पहिल्या पावलालाच पाणी पुरुषभर खोल. तळं भरलेलं दिसतं, पण बदकाच्या दृष्टीनं ताट रिकामं. लालसरी, शेंडी बदक यांसारखी बुडी मारणारी थोडीफार टिकतील, बाकीची जातील.

आणि हळदी-कुंकू, अडई ही काही हिवाळ्याची पाहुणी नाहीत. ती इथंच राहतात, पावसाळ्यात इथंच अंडी घालतात. हळदी-कुंकूचं घरटं जमिनीवर, पाण्यालगतच्या गवतात. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर दिवसाभरात आईमागं पाण्यात उतरतात. उताराचा मातीचा काठ असेल तर हवं तेव्हा वर येऊन बसतात, आईच्या पंखाखाली ऊब घेतात. उभ्या भिंतीवर ती चढूच शकत नाहीत. विणीनंतर मोठ्या बदकांचे उडायचे पंख एकदमच गळतात आणि नवे येईपर्यंत तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा लपायला पाणकणीस आणि लव्हाळं लागतं. आपण नेमकं तेच "घाण" म्हणून साफ करतो.

"आमच्या तळ्यात भरपूर बदकं आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे," असंही ऐकते. तसं नसतं. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट, कडेला बारीक चाळणी. पाणी गाळून तो सूक्ष्म जीव खातो. सांडपाण्यानं माजलेल्या तळ्यात त्याचं फावतं. नुसते थापटेच वाढले आणि इतर जाती कमी झाल्या, तर नाल्याचं पाणी कुठून येतंय ते शोधा. सडक्या, प्राणवायू संपलेल्या पाण्याचं टोक राजस्थानातल्या सांभर सरोवरानं दाखवलंय. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं हजारो पक्षी मेले, कारण बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणारा लकवा. त्याचे जिवाणू असल्याच गाळात आणि मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात वाढतात, किड्यांमार्फत विष पुढच्या पक्ष्याकडे जातं. म्हणून मेलेलं पाखरू दिसलं तर ते लगेच उचलायला हवं, आणि तेही उघड्या हातानं नाही.

जलपर्णी काढायलाच हवी, पण सगळी नाही. हावड्यातलं संतरागाछी झील रेल्वे स्टेशनाला खेटून आहे, आजूबाजूला दाट वस्ती. तरी दर हिवाळ्यात हजारो अडया उतरतात, कारण थंडीआधी जलपर्णी काढताना बसायला बेटं मुद्दाम ठेवली जातात. एवढ्या गजबजाटात त्यांना जमतं, तर आपल्याला का नाही?

पाव टाकू नका, ही विनंती तर आहेच. पावानं पोट भरतं, पोषण होत नाही, आणि उरलेला तळाशी कुजतो. रात्री झगमगाट, संगीत कारंजंही नको; बरीच बदकं रात्रीच चरतात.

लेकरांची हौस मला कळते, मी शिक्षिका आहे. पण वर्गाला एक साधी दुर्बीण मिळाली तर मुलं तासभर हलत नाहीत, तलवार बदकाची लांब शेपटी शोधत बसतात. हंसांवर जाईल त्या पैशात शाळांना दुर्बिणी द्या.

कॉलनीच्या बैठकीत मी लेखी हरकत देणार आहे: एका बाजूला माणसांसाठी वाट करा, उरलेला काठ मातीचा, उताराचा, गवताचा राहू द्या, बोटिंग नको, आणि सगळ्यात आधी नाला वळवा. सोबत सही करायची असेल त्यांनी खाली लिहा, मसुदा पाठवते.