घरच्या घरी रेझिस्टन्सचं विरजण कसं लावाल

दही लावता येतं ना तुम्हाला? मग झालं, बाकी काही अवघड नाही. रेझिस्टन्स म्हणजे अँटिबायोटिकला न जुमानणारे बॅक्टेरिया, तेच आपल्याला वाढवायचेत. माझी ताई गेली चार वर्षं पुण्यात एका लॅबमध्ये बॅक्टेरियावर पीएचडी करतेय, रोज प्लेटा ओतते, त्यावर अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवते, दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी राहिली ते पट्टीने मोजते आणि वर गाईडची बोलणी खाते. तुम्ही हेच काम फुकटात, ग्लोव्हज न घालता, सिरीयल बघत बघत करू शकता.

आधी सर्दी होऊ द्या. सर्दी व्हायरसची असते आणि अँटिबायोटिकला व्हायरस ओळखतसुद्धा नाही, असले प्रश्न डोक्यात आणू नका, गोळी सर्दीसाठी नाहीचे मुळी. ती पोटातल्या बॅक्टेरियांसाठी आहे. तिथे ई. कोलाय वगैरे मंडळी गुण्यागोविंदाने नांदत असतात, त्यातली साधीभोळी मरतात, एखादा डांबिस उरतो आणि मग अख्खा वाडा त्याचाच. लॅबमध्ये चांगला खुराक मिळाला की एकाचे दोन व्हायला वीस मिनिटं लागतात. पोटात एवढा स्पीड नसतो म्हणे, पण आपल्याला कुठे गाडी पकडायचीय.

मेडिकलवर गेलात की फक्त "दादा, घशाला काहीतरी द्या, जरा स्ट्राँग" एवढंच म्हणा. चिठ्ठी मागितली तर दुकान बदला. 2014 पासून बऱ्याच कडक अँटिबायोटिकांसाठी पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचा नियम आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत कोण लिहितंय. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसेल, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी, ती डिझाइन समजा. आणि तीन गोळ्यांची अझी, म्हणजे अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, आणली असेल तर दोनच घ्या. ताप उतरला ना? मग उगाच गरम कशाला, तिसरी ड्रॉवरमध्ये.

ताईचा आवडता प्रयोग आहे एक, हार्वर्डच्या रॉय किशोनींच्या टीमचा, 2016 मधला. चार फूट लांब, दोन फूट रुंद असा ट्रे, दोन्ही कडांना औषध शून्य, आत आत येताना दहापट, शंभरपट करत मधोमध हजारपट. कडेला ई. कोलाय सोडले. प्रत्येक सीमेवर ते थबकायचे, मग जीन बदललेला एखादा म्यूटंट निघायचा, तो पुढच्या पट्ट्यात पसरायचा, असं करत दहा-बारा दिवसांत स्वारी मधोमध हजर! मी तो व्हिडिओ जेवताना बघितला, भात गेला नाही. थेट हजारपटीत उडी त्यांना जमत नाही, मधल्या पायऱ्या लागतात. आता पायऱ्यांची आपल्याकडे कसली कमी? पोराला मोठ्या माणसाच्या गोळीचा अर्धा तुकडा, ही एक पायरी. कोंबडीच्या खाद्यात कोलिस्टिन हे अगदी शेवटी वापरायचं अँटिबायोटिक, दुसरी (ही 2019 मध्ये सरकारने बंद केली, उगाच). हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं ते तर कोर्स चालू असलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त, म्हणजे तिथे जिनाच नाही, लिफ्ट आहे.

विरजण आत्ता येतं. एका बॅक्टेरियाकडे रेझिस्टन्सचा जीन प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या वेटोळ्यावर, आला की तो शेजाऱ्याला वाटतो, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी, आणि देऊन याचं काही कमी होत नाही. वाटीभर विरजण शेजारी दिलं म्हणून आपलं दही संपतं का? एनडीएम-वन नावाचा रेझिस्टन्सचा जीन असाच पसरला. 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये सापडला, तो आधी दिल्लीत ट्रीटमेंट घेऊन गेलेला, म्हणून नावातच न्यू दिल्ली. तेव्हा आपण रीतसर चिडलो. नावावर.

आणि हे सगळं नवीन आहे असं समजू नका हां. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच एक काल्पनिक गोष्ट सांगून ठेवलीय: एका गृहस्थांचा घसा दुखतो, ते स्वतःच पेनिसिलिन आणून थोडंसंच घेतात, जंतू मरत नाहीत, शिकतात, मग तेच जंतू लागून बायकोला न्यूमोनिया होतो आणि तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही. बायको जाते. गृहस्थ ठणठणीत.

दही लागलं की नाही हे कल्चर रिपोर्टवर कळतं, पेशंटचे जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते त्यात लिहितात. औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर, आर (रेझिस्टंट, म्हणजे चालत नाही) अशी उभी रांग आली की जमलं. खाली कुठेतरी कोलिस्टिनपुढे एखादा एस (म्हणजे चालतं) राहिलेला असतो, ते औषध किडनीला जड जातं, पण डॉक्टरकडे तेवढंच उरलेलं असतं.

गेल्या रविवारी ताई घरी आली, आमचा ड्रॉवर उघडला आणि उभीच राहिली. सात अर्धवट स्ट्रिपा, दोन सिरप, एकावर माझं बारशाचं नाव. "हे सगळं मी नेते," म्हणाली. मी म्हटलं ने बाई, फक्त ती एक अझी ठेव, बाबांचा घसा सकाळपासून धरलाय.