बारीक धूर म्हणे आत जातो तसाच बाहेर येतो!

‘दमेकऱ्यांनी धूळ टाळावी, धुराला घाबरू नये. धुराचे नॅनोकण इतके बारीक की आत जातात तसेच बाहेर येतात. दमा ॲलर्जीने होतो आणि धूर हा ॲलर्जीचा पदार्थच नाही. ॲपवर हवा हिरवी दिसली की निश्चिंत राहा.’ हा मेसेज मावशीनेही पुढे ढकलला, आणि तिला स्वतःला दमा आहे. म्हणून हे लिहितोय.

‘तसेच बाहेर येतात’ हे साधारण ३०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कणांबाबत बरंचसं खरं आहे. तेच सगळ्यात कमी अडकतात. पण १०० च्या खालचे कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि श्वासनलिकेच्या भिंतीला चिकटतात. वीसेक नॅनोमीटरचे तर थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांत, जाऊन बसतात.

आता ॲलर्जी. धूर हा बहुतेकांच्या बाबतीत ॲलर्जीचा पदार्थ नाही, कबूल. निखाऱ्यावर भाता मारला तर भात्यात आग नसते, पण निखारा फुलतोच ना? कण चिकटले की अस्तराच्या पेशी धोक्याची वर्दी देतात (टीएसएलपी, आयएल-३३ ही त्या रेणूंची नावं). त्या वर्दीने टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) ‘टीएच-२’ या ॲलर्जीच्या वळणावर जातात. मग त्यांनी सोडलेल्या आयएल-४ आणि आयएल-१३ या निरोप्या रेणूंमुळे आयजीई (ॲलर्जीचं प्रतिपिंड) आणि कफ वाढतो, आयएल-५ मुळे इओसिनोफिल (ॲलर्जीत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) जमतात. म्हणजे ॲलर्जी परागाचीच किंवा धुळीतल्या किड्याचीच, फक्त तिचा भडका मोठा.

हे माणसांवर तपासलेलं आहे. १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांच्या नाकात त्या परागातलं प्रथिन आधी नुसतं, मग डिझेलच्या धूरकणांसोबत सोडलं. धूरकणांसोबत दिल्यावर रॅगवीडविरुद्धचं आयजीई कितीतरी जास्त वाढलं. (रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं.) २००७ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात ६० दमेकरी दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालले, आणि वेगळ्या एका दिवशी तेवढेच हाइड पार्क या बागेत. त्या रस्त्यावर डिझेलच्या बस आणि टॅक्सी. तिथे त्यांची फुंकण्याची क्षमता ६ टक्क्यांपर्यंत घसरली, बागेत त्याहून कमी. आणि या घसरणीचा सगळ्यात घट्ट संबंध अतिसूक्ष्म (१०० नॅनोमीटरखालच्या) कणांशी आणि काजळीशी निघाला.

सगळेच नॅनोकण वाईट असतात असं मात्र नाही. कार्बनच्या फुलरीन कणांनी प्रयोगशाळेत ॲलर्जीची प्रतिक्रिया उलट दबली होती. पण फुलरीन म्हणजे काही डासांच्या कॉइलचा धूर नव्हे.

राहिलं ॲप. ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, वजनाने मोजतं. अडीच मायक्रॉनच्या (म्हणजे २,५०० नॅनोमीटरच्या) एका कणाच्या वजनात १०० नॅनोमीटरचे १५,६२५ कण बसतात आणि त्यांचा पृष्ठभाग भरतो पंचवीसपट. भारताच्या २००९ च्या हवा-मानकांत या बारीक कणांची वेगळी मोजदादच नाही. शिवाय ॲपचं यंत्र असतं कुठल्याशा चौकात. मावशीची कॉइल जळते खाटेखाली, बशीत, दारं-खिडक्या लावून.