लाल दिव्याखालचे स्वातंत्र्य

स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर उतरण्याची नागपूरकरांची परंपरा जुनी आहे. १९२३ साली राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायला बंदी होती, तेव्हा ठिकठिकाणांहून आलेले सत्याग्रही शांतपणे पुढे होत आणि शांतपणे तुरुंगात जात. आज त्याच भागात उलट दिशेने स्कूटर दामटणाऱ्या एखाद्याला हवालदाराने अडवले, तर त्याच्याही चेहऱ्यावर तसाच निर्धार दिसतो; फक्त तुरुंगाऐवजी त्याच्या डोळ्यांसमोर फोनमधला एखाद्या 'भाऊं'चा नंबर असतो.

माझा छळ यापेक्षा साधा आहे. संध्याकाळी सीताबर्डीवरून घरी परतताना मी लाल दिव्याला थांबतो, आणि ते मागच्यांना आवडत नाही. उलटे आकडे मोजणारे सिग्नल लोकांना धीर धरता यावा म्हणून बसवले असावेत. प्रत्यक्षात दहाचा आकडा दिसताच गाड्या रेस होऊ लागतात आणि पाचाला पहिला हॉर्न वाजतो. परवा एका तरुणाने शेजारी गाडी आणून अत्यंत आपुलकीने विचारले, "काका, काहून थांबून राहिले? पोलीस तर नाही आहे ना!" मी दिव्याकडे बोट दाखवले, तेव्हा दिवाळीनंतर काढायचा राहून गेलेल्या आकाशकंदिलाकडे पाहावे तसे त्याने त्याच्याकडे पाहिले आणि तो निघून गेला.

हा प्रश्न केवळ आपला नाही, अशी मी समजूत करून घेतो. १८६८ साली लंडनमध्ये पार्लमेंटजवळ गॅसवर चालणारा सिग्नल उभारला गेला आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी त्याचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस जखमी झाला. म्हणजे प्रगतीने पहिला घाव घातला तोही नियम पाळणाऱ्याच्या बाजूच्या माणसावरच. (तो तरुण मेट्रोच्या फलाटावर मात्र पिवळ्या रेषेमागे निमूट उभा राहत असणार, याविषयी मला शंका नाही, तिथे पुढे घुसून मिळवण्यासारखे काही नसते.)

जे दंडाला आणि कॅमेऱ्याला जमले नाही, ते नागपुरात मे महिना करून दाखवतो. पारा पंचेचाळीसला टेकला, की एरवी झेब्रा पट्ट्यांवर चाक टेकवणारी हीच जनता दुपट्ट्यात तोंड गुंडाळून चौकाच्या कितीतरी अलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत, शिस्तीत थांबते आणि थांबण्याच्या रेषेपर्यंतचा तापलेला डांबरी रस्ता मोकळा सोडते. काही चौकांत तर अलीकडे सिग्नलपाशी हिरवी जाळी बांधतात. त्या जाळीखाली उभा असताना दिवा हिरवा झाला तरी पुढचे दोघे हलले नाहीत, आणि मागून हॉर्नऐवजी विनंती ऐकू आली, "काका, जायचं नसंल तर नका जाऊ, पण थोडं सरका ना, मले ऊन लागून राहिलं."